घरी अशोकारिष्ट घालायचंय? मग हा क्रम मोडू नका

अशोकारिष्ट, म्हणजे अशोकाच्या सालीचा गूळ घालून आंबवलेला आयुर्वेदिक काढा. ते बिघडलं, आंबट झालं, बुरशी आली, बरणीचं झाकण उडालं, महिना झाला तरी काहीच घडलं नाही, असे प्रश्न सारखे येतात आणि दहातल्या आठ वेळा कारण एकच निघतं, की सामान बरोबर पण क्रम चुकला. काढा गरम असतानाच धायटी (काढा आंबवणारी फुलं) टाकली, किंवा तिसऱ्याच दिवशी झाकण आवळलं, किंवा गोड नको म्हणून गूळ निम्मा केला. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच नीट लिहून टाकतेय. इतिहास नाही, कौतुक नाही, फक्त कृती.

खाली दिलेलं प्रमाण भैषज्यरत्नावली या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या पाठाचं आहे, फक्त दहाव्या हिश्शावर आणलंय कारण मूळ पाठात जवळपास 5 किलो साल आणि 49 लिटर पाणी आहे, तेवढं घरी कोण करणार. यापेक्षा लहान घाणा मात्र घालू नका, अर्धा लिटर काढ्यात आंबण्याची क्रिया धड पकडत नाही.

## 1. आधी हे ठरवा की तुम्हाला हे लागतं का

अशोकारिष्ट हे पाळीत जास्त अंगावरून जाणं, पाळी खूप दिवस चालू राहणं यासाठीचं औषध आहे आणि त्याच पाठात मंदाग्नी (भूक-पचन मंदावणं), तोंडाला चव नसणं, मूळव्याध हेही दिलंय, म्हणजे पाळी आणि पचन दोन्हीकडे ते वापरलं जातं. आता सगळ्यात मोठी चूक ऐका. पाळी येत नाही म्हणून बायका अशोकारिष्ट घेतात. ते उलटं झालं! पाळी चुकली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग डॉक्टर, बाटली नाही. आणि कुमार्यासव वेगळं, दशमूलारिष्ट वेगळं, अशोकारिष्ट वेगळं, "सगळी बायकांचीच औषधं" म्हणून एकाच्या जागी दुसरं घ्यायचं नसतं.

पुढचं काहीही असेल तर बरणी बाजूला ठेवा आणि आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा:

- तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तासांपेक्षा जास्त चाललंय, मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय (यात वेळ घालवायचा नाही, लगेच दवाखाना)
- पाळी कायमची बंद झाल्यावर परत रक्त दिसलं
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्तस्राव
- पोटाच्या तक्रारीसोबत काळी शौच किंवा कारण नसताना वजन उतरणं

जास्त रक्तस्रावामागे फायब्रॉइड, थायरॉइड, कधीकधी त्याहून गंभीर काही असतं, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन केल्याशिवाय कळत नाही. ते केलं, वैद्यांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं, की मग खालचं वाचा.

कोणी घ्यायचं नाही: गरोदर बाई, दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणारी बाई (वैद्यांनी सांगितल्याशिवाय), डायबेटीसवाले, लिव्हरचा त्रास असलेले, लहान मुलं, दारू सोडलेले किंवा दारू सोडण्याच्या गोळ्या घेणारे. बाळाला अंगावर पाजत असाल तर विचारल्याशिवाय नाही. मेट्रोनिडाझोलचा कोर्स चालू असेल (जुलाबासाठी, अंगावरून पांढरं जाण्यासाठी ती गोळी सर्रास देतात) तर कोर्स संपून निदान तीन दिवस होईपर्यंत नाही, कारण अरिष्टात आंबून तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण 5 ते 10 टक्के, आणि त्या गोळीसोबत अल्कोहोल गेलं तर उलट्या, धडधड, तोंड लाल होणं असा त्रास होऊ शकतो.

## 2. सामान

- सीता अशोकाची वाळलेली साल: 480 ग्रॅम
- पाणी: 4.9 लिटर (आटवून 1.23 लिटर उरवायचं)
- गूळ: 960 ग्रॅम
- धायटीची वाळलेली फुलं: 77 ग्रॅम
- पुढच्या 12 वस्तू प्रत्येकी 5 ग्रॅम: जिरं, शहाजिरं, नागरमोथा, सुंठ, दारुहळद, निळ्या कमळाची वाळलेली फुलं, हिरडा, बेहडा, आवळकाठी, आंब्याच्या कोयीच्या आतला गर, अडुळसा, चंदन

साल. अर्धं जग इथेच फसतं. सोसायटीच्या कंपाउंडला खांबासारखे उंच हिरवे अशोक लावलेले असतात, पानं लांब आणि कडेला लाटा असलेली, तो हा अशोक नाही. त्याला आसुपालव किंवा खोटा अशोक म्हणतात, त्याचं झाड वेगळं, कूळ वेगळं, औषधही वेगळं. आपल्याला हवा तो सीता अशोक, ज्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. त्याची साल बाहेरून हिरवट करडी, वर गोल-गोल बारीक फोड असल्यासारखे ठिपके, आतून लालसर तपकिरी. मोडली की सरळ न मोडता धस निघतात. तुकडा चघळला तर जीभ आखडते, चांगलीच तुरट. साल आतून पांढरट-पिवळी निघाली तर दुकानदाराला परत द्या, तो "सगळं सेमच असतं ताई" म्हणेल, ऐकायचं नाही.

आणि कृपा करून कुठल्या बागेतल्या किंवा देवळातल्या सीता अशोकाची साल स्वतः सोलायला जाऊ नका. जंगलातली ही झाडं याच मागणीपायी कमी झालीत, आणि खोडाभोवती गोल साल काढली की झाड मरतं. चांगल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पावती घेऊन घ्या, पुण्यात रविवार पेठ-मंडईच्या पट्ट्यात अशी दुकानं सापडतील.

धायटी. आंबवणारं यीस्ट या फुलांवरच असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. पण म्हणूनच फुलं जुनी चालत नाहीत. विटकरी-लाल रंग टिकलेला हवा, मुठीत घेतली तर हलकी आणि कोरडी लागली पाहिजेत. काळपट, चुरा झालेली, दमट वास मारणारी फुलं म्हणजे दोन पावसाळे गोणीत काढलेला माल. धायटी सह्याद्रीत हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फुलते, त्यामुळे मार्च ते मे या काळात घेतलेली सगळ्यात बरी. धुवायची नाही! हात जोडून सांगते, धुवायची नाही, धुतली की यीस्ट गेलं. काड्या-माती निवडून काढा बास.

गूळ. पिवळाधमक गूळ नको. तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरचा (गूळ उजळवायचं केमिकल) असतो आणि ते यीस्टला मारक. काळसर, बिनकेमिकलचा घ्या, जुना मिळाला तर उत्तमच. प्रमाण बघून घाबरू नका आणि कमी तर अजिबात करू नका, गूळ कमी पडला की अल्कोहोल पुरेसं तयार होत नाही आणि माल व्हिनेगरच्या वाटेला लागतो. ज्यांना एवढी साखर चालत नाही त्यांनी अरिष्ट घेऊच नये, वैद्य त्यांना काढा किंवा चूर्ण देतात.

## 3. बरणी

चिनी मातीची, 3 लिटरची बरणी. सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास होतं आणि वर निदान चौथा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे कारण फेस चढतो. प्लास्टिक नको, ॲल्युमिनियम-तांबं-पितळ नको. आजीच्या काळातली बरणी असेल आणि आतली चकाकी तडकली असेल किंवा पोपडे निघत असतील तर ती शोभेला ठेवा, जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट द्रवात ते उतरतं.

बरणी गरम पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग आतून तुपाचा अगदी पातळ हात फिरवा. त्यानंतर धुरी, लोणच्याच्या बरणीला देतो तशीच, फक्त हिंगाच्या जागी निखाऱ्यावर चिमूटभर गुग्गुळ टाकायचा आणि बरणी वर पालथी धरायची. धूर आत कोंडला की लगेच झाकण.

*तपासा:* बरणीत हात घालून बघा, कुठे ओल लागली तर परत उन्हात. लोणच्याचा वास येत असेल तर ती बरणी या कामाची नाही.

## 4. काढा

सालीची भरड करा, जाडसर, लापशीच्या रव्याएवढी. मिक्सरमध्ये पीठ केलंत तर नंतर गाळताना रडाल, आणि अरिष्ट शेवटपर्यंत गढूळ राहील. भरड रात्री 4.9 लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात भिजत घाला. लोखंडाची कढई नको, सालीतल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काढा शाईसारखा काळा होतो.

सकाळी मंद गॅसवर ठेवा, झाकण न ठेवता. कुकर नाही, शिट्ट्या नाहीत. मधूनमधून ढवळत आटवत राहायचं, तीन-चार तास धरूनच चाला.

आता 1.23 लिटर उरलं हे कसं कळणार, कारण पातेल्यात साल पण असते आणि अंदाज हमखास चुकतो. बऱ्यापैकी आटला की गाळून मोजा. जास्त भरला तर गाळलेला काढा तेवढा परत आटवा. कमी भरला तर चोथ्यावर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं ठेवा, पिळा आणि तूट भरून काढा. नुसतं वरून नळाचं पाणी घालून माप पूर्ण करणं ही फसवणूक आहे, स्वतःचीच.

## 5. गूळ, आणि मग थांबा

गाळलेला काढा गरम असतानाच गूळ फोडून घाला, विरघळवा, परत एकदा सुती कापडातून गाळा, कारण गुळात चिपाडं आणि वाळू असते. गूळ घातल्यावर उकळायचं नाही.

आणि आता थांबायचं. पूर्ण गार. पातेल्याच्या बाहेरून हात लावून नाही, स्वच्छ चमच्याने थोडा काढा मनगटावर टाकून बघा, ना गरम ना गार असं लागलं पाहिजे. सगळ्यात जास्त घाणे या एका घाईत मरतात. कोमटपेक्षा गरम काढ्यात धायटी पडली की यीस्ट तिथेच मेलं, मग महिनाभर तुम्ही बरणीत गुळाचं पाणी सांभाळत बसता.

## 6. बरणीत भरणं

क्रम असा: आधी काढा, मग 12 वस्तूंची भरड, सगळ्यात शेवटी धायटी. बाराही वस्तू भरडच, कपडछान पावडर नको. लाकडी चमच्याने एकदाच सावकाश ढवळा. धायटी वर तरंगेल, तरंगू द्या, दाबून बुडवायची गरज नाही.

पहिले तीन दिवस तोंडाला फक्त चारपदरी सुती कापड बांधा. दिवसातून एकदा कोरड्या स्वच्छ लाकडी चमच्याने हलवा. वरची फुलं कोरडी पडून तिथे बुरशी धरू नये यासाठी हे.

*तपासा:* दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कडेने बारीक बुडबुडे दिसले पाहिजेत. बरणीला कान लावा, सूं सूं, किंवा सोडा फसफसल्यासारखा बारीक आवाज येतो. तो आला म्हणजे काम सुरू झालं.

पाच दिवस झाले तरी आवाज नाही? जागा गार असणार. बरणी गोणपाटात गुंडाळून ओट्याखाली उबेच्या कोपऱ्यात ठेवा, 25 ते 35 डिग्री हवं. पूर्वी भाताच्या राशीत पुरून ठेवायचे ते याच उबेसाठी. तरीही आठ दिवसांत काही नाही झालं तर धायटी मेलेली होती, टाकून द्या. बेकरीचं यीस्ट घालून जिवंत करायला जाऊ नका, होतं ते वेगळंच काहीतरी.

ऋतूचं म्हणाल तर उन्हाळा किंवा ऑक्टोबर हीट. पावसाळ्यात कोकणात तर घालूच नका, हवेतली बुरशी जिंकते.

## 7. तोंड बंद करणं

चौथ्या दिवशी झाकण ठेवा आणि त्यावर कापडमाती, म्हणजे ओल्या चिकणमातीत भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळा. माती वाळते पण आतला गॅस थोडाथोडा निघून जायला वाव राहतो. स्क्रूचं झाकण असलेली काचेची बरणी घट्ट आवळून ठेवलीत तर ती फुटू शकते, काच चेहऱ्यावर येण्याइतकी जोरात, हे गमतीत घेऊ नका. माती नको असेल तर झाकण नुसतं ठेवा आणि वरून कापड बांधा.

मग महिनाभर हात लावायचा नाही. रोज उघडून वास घेणारे लोक मला माहितीयत, प्रत्येक वेळी आत ताजी हवा जाते आणि ताजी हवा म्हणजे आंबटपणा. कान लावून ऐका, ते फुकट आहे.

## 8. झालं की नाही

महिना ही अंदाजाची मुदत, थंडीत दीड महिनाही लागतो. कॅलेंडर बघून गाळू नका, पुढच्या खुणा बघा:

1. आवाज. कान लावल्यावर पूर्ण शांत.
2. धायटी. तरंगणारी फुलं आणि भरड तळाला बसलेली.
3. काडी. झाकण काढून पेटती काडी द्रवाच्या जरा वर धरा. विझली तर अजून कार्बन डायऑक्साइड निघतोय, बंद करा. जळत राहिली तर काम संपलं.
4. चुन्याची निवळी. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, वरचं स्वच्छ पाणी म्हणजे निवळी. बरणीच्या तोंडाशी एक रबरी नळी बसवून दुसरं टोक निवळीत बुडवा. पांढरी झाली तर गॅस चालू आहे.

चारही जुळल्या तरच पुढे. काडीचा निकाल एकटा धरू नका, झाकण काढून पाच मिनिटं गप्पा मारत बसलात तर गॅस निघून जातो आणि काडी जळतच राहते.

टाकून द्या, काही वाचवू नका: वर लोकरीसारखी हिरवी-काळी बुरशी, नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास, कुजका वास, तार सुटणारा चिकटपणा. वरची बुरशी काढून खालचं वापरू असं म्हणणाऱ्या सासूबाईंना प्रेमाने नाही म्हणा, ज्या बाईला आधीच अशक्तपणा आहे तिच्या पोटात ते घालायचं नसतं.

## 9. गाळणं आणि बाटल्या

दोनपदरी सुती कापडातून गाळा, पिळू नका, पिळलं की गाळ उतरतो. गाळलेलं परत स्वच्छ बरणीत आठ दिवस शांत ठेवा, तळाला साका बसेल, वरचं नितळ अलगद काढून घ्या. रंग गडद लालसर तपकिरी, चव आधी गोड मग तुरट आणि शेवटी घशाला किंचित ऊब.

काचेच्या, रंगीत, पूर्ण कोरड्या बाटल्या. गळ्यापर्यंत भरा पण पहिला आठवडा बूच सैल ठेवा. बाटलीवर नाव आणि गाळल्याची तारीख लिहा, आणि "लहान मुलांनी पिऊ नये" हेही लिहा, कारण गोड असतं आणि पोरं सरबत समजतात.

हे स्वतःच्या घरापुरतं. विकायचं असेल तर आयुर्वेदिक औषध बनवण्याचं लायसन्स लागतं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बाटल्या खपवणं बेकायदेशीर आहे. आणि घरच्या मालात अल्कोहोल नेमकं किती हे आपल्याला मोजता येत नाही, हे कुणालाही देण्याआधी लक्षात असू दे.

हल्ली एक शॉर्टकट फिरतोय, साल स्पिरिटमध्ये बुडवून टिंक्चर करायचं. सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर, फ्रेंच पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट, यातलं काहीही पोटात जाता कामा नये, त्यात मिथेनॉल असू शकतं, डोळे जातात, जीव जातो.

## 10. घ्यायचं कसं

नेहमीचं प्रमाण 12 ते 24 मिली, तेवढंच पाणी घालून, दोन्ही जेवणांनंतर. तुम्हाला किती हे वैद्य ठरवतील, आणि मापाच्या झाकणानेच घ्या, "दोन घोट" हे माप नाही.

इथल्या नेहमीच्या चुका पटपट सांगते. उपाशीपोटी घेणं, त्याने जळजळते. पाण्याशिवाय घेणं, तेच. आंबट ढेकर आणि छातीत आग असा पित्ताचा त्रास आहे त्यांनी पचनासाठी म्हणून हे सुरू करणं, अरिष्ट आंबट आणि उष्ण, त्यांचा त्रास वाढतो. दुधातून घेणं, दूध फाटतं. पाळीच्या चार दिवसांतच घेऊन "फरक नाही" म्हणणं, हे बहुधा महिन्याचे सगळे दिवस सलग, दोन-तीन पाळ्या बघून वापरायचं औषध आहे. आणि त्याच्या उलट, बरं वाटलं म्हणून वर्षानुवर्षं चालूच ठेवणं.

पाळीची तारीख आणि दिवसाला किती पॅड लागले हे वहीत लिहा. तिसऱ्या पाळीलाही आकडा उतरला नाही तर बाटली बंद करून वही घेऊन डॉक्टरांकडे जा. मध्येच पाळी चुकली तर त्याच दिवशी औषध थांबवा आणि टेस्ट करा. ऑपरेशन ठरलं असेल, रक्त पातळ करणाऱ्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना बाटलीचं नाव सांगा, "आयुर्वेदिकच आहे, काय सांगायचं त्यात" असं करू नका.

उरलेला चोथा कुंडीत थेट टाकू नका, गुळामुळे मुंग्या लागतात, कंपोस्टच्या ड्रममध्ये सुक्या पानांखाली दाबा.